परत पाठवलेल्यांची वही

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात एक दोनशेपानी वही असते. दरवर्षी जूनमध्ये नवी घेते, दिवाळीपर्यंत ती भरते. ऑफिसातले सगळे तिला ‘परत पाठवलेल्यांची वही’ म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही, पण बरोबर आहे. प्रवेश अर्जाच्या तपासणीला आलेला, कागद अपुरा म्हणून माघारी गेलेला प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी त्या वहीत आहे.

मी बीड जिल्ह्यालगतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेश विभागात आहे. वीस वर्षं होत आली. आमच्याकडे तपासणी केंद्र असतं. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मुलांनी अर्ज भरायचा, कागद अपलोड करायचे आणि ते कागद आमच्यासारख्या केंद्रांनी तपासून अर्ज पक्का करायचा. २०२० पासून ‘ई-स्क्रुटिनी’ आली, घरबसल्या काम होईल असं ठरलं. शहरातल्या मुलांचं होतंही. आमच्या हॉलमधली गर्दी मात्र फारशी कमी झाली नाही. ज्यांचे कागद पुरे असतात त्यांना कुणाचं तोंड बघावं लागत नाही. कागद अपुरा असला की माणूस माणसाकडेच येतो.

वही कशी सुरू झाली ते आधी सांगते, कारण ती माझ्या चुकीतून सुरू झाली.

एक मुलगा आला होता. ओबीसी प्रवर्ग, गुण चांगले, गणिताचे तर फारच. एकटाच आला होता, हातात नवी कोरी पारदर्शक फाईल. मी एकेक कागद बघत गेले. जातीचा दाखला आहे, त्याची व्हॅलिडिटी म्हणजे वैधता प्रमाणपत्र आहे, शाळा सोडल्याचा दाखला आहे. नॉन-क्रिमीलेअर बघितलं तर त्याची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली. लागतं ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं. मागे रांग होती, दुपारचे दोन वाजले होते, जेवण राहिलं होतं. मी फाईल बंद करून त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाले, “हे संपलंय. नवीन काढून घेऊन ये.” तो “हो मॅडम” म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या सरांना सहज बोलले, तर ते म्हणाले, “अर्ज केल्याची पावती होती का त्याच्याकडे? आज पावतीवर घेतलं असतं की. मूळ दाखला नंतरच्या तारखेला चालतो.” ते मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ते छापलेलं होतं आणि मी स्वतः ते पान खुणेसाठी दुमडून ठेवलेलं होतं. मी विचारलंच नाही. अर्जावरचा मोबाईल नंबर काढून फोन लावला. पलीकडून एक दमलेला आवाज आला, मागे प्रिंटरची घरघर. तो नंबर तालुक्याच्या नेटकॅफेचा होता. अर्ज कॅफेवाल्याने भरला होता आणि ओटीपी पटकन मिळावा म्हणून स्वतःचाच नंबर टाकला होता. मुलाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, “मॅडम, रोज पन्नास पोरं येतात. कोणता म्हणून सांगू?”

अकराव्या दिवशी मुलगा आला. नवं नॉन-क्रिमीलेअर घेऊन आला होता, त्याला लॅमिनेशनसुद्धा केलं होतं. अर्ज पक्के करायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. तो आनंदात होता, त्याला वाटलं काम झालं. मी विचारलं, “त्या दिवशी आलास तेव्हा अर्ज केलेला होता?” त्याने खिशातल्या पाकिटातून घडी घातलेली पावती काढली. सेतू केंद्राचा शिक्का, तारीख माझ्याकडे येण्याच्या सहा दिवस आधीची. ती त्या दिवशीही त्याच्या खिशात होती.

त्या वर्षी तो बी. एस्सी.ला गेला एवढं मला कळलं. बी. एस्सी. वाईट नाही. पण त्याने ते निवडलेलं नव्हतं आणि ज्या वाक्याने त्याची निवड हिरावली ते माझ्या तोंडून निघालं होतं. ‘घेऊन ये’ हे दोन शब्द मी तेव्हापासून टेबलावर वापरत नाही. कुठून आणायचं, कधीपर्यंत आणायचं, तोवर काय चालेल, हे सांगितल्याशिवाय ते दोन शब्द म्हणजे दार लावून घेणं असतं.

दुसऱ्या दिवशी वही आणली. रकाने आखले. नाव, गाव, घरात ज्याचा फोन नेहमी चालू असतो त्याचा नंबर, काय नाही, कुठं अडलंय, शेवटची तारीख. यातले ‘काय नाही’ आणि ‘कुठं अडलंय’ हे दोन रकाने वेगळे ठेवायचं मला सुरुवातीला सुचलं नव्हतं. पहिल्या वहीत एकच रकाना आहे. सगळ्यांच्या नावापुढे ‘व्हॅलिडिटी नाही’, ‘नॉन-क्रिमीलेअर नाही’, ‘डोमिसाईल नाही’. ते वाचून काही करता येत नव्हतं. व्हॅलिडिटी नसण्याची पन्नास कारणं असतात आणि प्रत्येक कारणाला वेगळी वाट असते.

मुदत वाढते तेव्हा वहीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. आमच्याकडे मुदतवाढ ही जवळजवळ ऋतूसारखी आहे. २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात एसईबीसीच्या मुलांना व्हॅलिडिटीसाठी सहा महिने दिले, तशा इतरही अनेक वर्षी कुठे आठवडा, कुठे महिना वाढून मिळाला. ती बातमी पेपरात येते, संकेतस्थळावर येते. पण आदल्या दिवशी ‘होत नाही’ म्हणून जो माघारी गेला तो संकेतस्थळ कशाला बघेल? त्याच्या लेखी विषय संपलेला असतो. वाढलेली मुदत ज्याला सगळ्यात जास्त हवी त्याच्यापर्यंतच ती पोचत नाही. म्हणून मुदतवाढीचं पत्रक आलं की आम्ही तिघंजणं वही घेऊन बसतो आणि फोन लावत सुटतो. निम्मे लागत नाहीत. लागतात त्यातल्या काहींचा आवाज असा असतो की आपण कुठल्या बँकेतून बोलतोय अशी त्यांना शंका आली असावी. तरी एक-दोन मुलं दरवर्षी त्या फोनवर परत येतात.

व्हॅलिडिटीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण उशिराच्या कागदांत तिच्याइतका जड कागद दुसरा नाही.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो खरा आहे का, हे पडताळणी समिती तपासते आणि वैधता प्रमाणपत्र देते. या व्यवस्थेचं आजचं रूप सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालातून आलं आहे. वैद्यकीय प्रवेशातल्या जमातीच्या दाव्याचा तो खटला, दावा करणाऱ्या बाजूच्या विरोधात गेला. खोट्या दाखल्यांवर खऱ्या हक्कदारांच्या जागा जातात म्हणून न्यायालयाने समित्या आणि दक्षता पथकं नेमायला सांगितलं. पुढे महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, तो २००१ पासून लागू आहे, आणि त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे दावा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर आहे. हे योग्यच आहे असं मी मानते. खोटा दाखला घेऊन बसलेल्या मुलामागे एक खरा मुलगा बाहेर उभा असतो, हे मी टेबलावर बसून पाहिलेलं आहे.

पण त्याच निकालात दोन सूचना आहेत आणि मी त्या एकत्रच वाचते. एक, प्रवेशाच्या निदान सहा महिने आधी पडताळणीसाठी अर्ज करावा. दुसरी, चौकशीला वेळ लागत असेल आणि मधल्या काळात प्रवेशाची शेवटची तारीख उलटून जाणार असेल, तर हाती असलेल्या जातीच्या दाखल्यावर किंवा शपथपत्रावर तात्पुरता प्रवेश द्यावा, निर्णय समितीच्या निकालावर अवलंबून ठेवावा. न्यायालयाला चौकशीही हवी होती आणि चौकशी चालू असताना मुलाचं वर्ष जाऊ नये हेही हवं होतं. पहिली सूचना सगळ्यांना पाठ असते. “बारावीलाच का नाही केला अर्ज?” हा प्रश्न हॉलमध्ये दिवसातून वीस वेळा ऐकू येतो.

का नाही केला, त्याचं उत्तर आमच्या भागात उसाच्या फडात आहे.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली, धारूर-पाटोदा-वडवणीकडची माणसं दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. आता सहा महिने आधीचा हिशेब लावा. बारावीच्या मुलीने व्हॅलिडिटीचा अर्ज करायचा तो नेमका ऑक्टोबर ते मार्च या काळात. त्या अर्जाला वडिलांचं शपथपत्र लागतं, वंशावळ लागते, ती वडिलांनी शपथेवर सांगावी लागते. आणि वडील बेळगावकडच्या कुठल्या तरी शिवारात पहाटे चारला ट्रॉली भरत असतात. मुलगी गावात आजीपाशी. आजीला आपल्या सासऱ्याचं नाव माहीत आहे, पण ते कुठल्या शाळेत कधी गेले ते कसं माहीत असणार?

आणि लागतं तेच. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. विमुक्त जाती, भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातींना ६ सप्टेंबर १९५०. या चार तारखा मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतील. २००७ साली जन्मलेल्या मुलीने आजोबांचा १९६७ च्या आधीचा जातीचा उल्लेख असलेला कागद आणायचा असतो. आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर उघडायचं, निर्गम उतारा मागायचा. गेले नसतील तर आजोबांचे भाऊ, चुलत भाऊ. तेही नसतील तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनं दप्तर हाताला लागलं तरी कधी मोडीत निघतं, कधी उर्दूत. मग ते वाचणारा शोधा. माझ्या वहीत ‘कुठं अडलंय’ या रकान्यात एका मुलाच्या नावापुढे लिहिलं आहे, ‘रजिस्टरचं पान वाळवीने खाल्लं, पुढचं-मागचं आहे’. दुसऱ्याच्या पुढे, ‘पणजोबांची नोंद आडनावाशिवाय’. जुन्या रजिस्टरात नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहायची पद्धत होती. गावात त्या नावाचे तिघं निघाले.

याच रकान्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही.

मुलगी ऊसतोड कामगारांच्या घरातली. बारावीला वर्गात पहिली. तिचा जातीचा दाखला होता, व्हॅलिडिटीची पावती होती आणि समितीकडून त्रुटीचं पत्र आलेलं होतं. आजोबांच्या उताऱ्यावर जातीचा रकाना कोरा, म्हणून अधिकचा पुरावा मागितला होता. वडील सोबत आले होते. डोक्याला टॉवेल, हाताच्या बोटांना पाचटाने कापल्याच्या जुन्या रेघा. ते खुर्चीवर बसेनात. मी म्हणाले, “दादा, बसा, वेळ लागणार आहे.” तेव्हा टोकावर बसले.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. “घरात कुणाची व्हॅलिडिटी निघालीय का? बापाकडून रक्ताच्या नात्यात? काका, आत्या, चुलतभाऊ, कुणाचीही?” हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारते. वडिलांकडच्या रक्तनात्यात एखाद्याला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल तर ती मोठा पुरावा धरतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तसं स्पष्ट सांगितलेलं आहे. जिथे दप्तर वाळवीने खाल्लेलं असतं तिथे हा एक धागा उरतो.

वडील म्हणाले, “नाही जी, कुणाचीच नाही.”

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. मी काही बोलले नाही, फाईल चाळत राहिले. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, “अप्पा, नाना आहेत की.”

वडिलांचे सख्खे चुलतभाऊ शिक्षक होते. त्यांची नोकरीसाठी व्हॅलिडिटी झालेली होती. पण दोन्ही घरांत बांधाचा वाद होता. मोजणी आणली होती, एकदा पोलीसही आले होते, लग्नकार्याला एकमेकांना पत्रिका जात नव्हती. अप्पा म्हणाले, “त्याच्या दारात मी जाणार नाही. पोरगी शिकली नाही तरी चालंल.” हे ते रागाने बोलले नाहीत, शांतपणे बोलले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

वंशावळीचा कागद माझ्यासमोरच होता. मी तो उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. वर पणजोबा, खाली दोन मुलगे, एका बाजूला यांचं घर, दुसऱ्या बाजूला नानांचं. “दादा, हे तुम्ही शपथेवर लिहून दिलंय ना? यात नानांचं नाव तुम्हीच घातलंय. कागदावर ते तुमचे भाऊ आहेतच. फक्त झेरॉक्स आणायची आहे.” त्यांनी बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं त्यांना, पण रेघा कळत होत्या. मग उठले आणि काही न बोलता निघून गेले. मुलगी फाईल गोळा करून मागोमाग धावली. मी वहीत लिहिलं, ‘चुलत्याकडे व्हॅलिडिटी आहे. बोलणं बंद.’ त्यापुढे शेवटची तारीख.

चौथ्या दिवशी मुलगी एकटी आली. तिच्याकडे नानांच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत होती आणि नातं कबूल करणारं नानांचं शपथपत्रसुद्धा. ते तर मी सांगितलंही नव्हतं. नाना शिक्षक, त्यांना काय लागतं ते ठाऊक होतं. मी विचारलं, “अप्पा गेले होते?” ती म्हणाली, “रात्री गेले. दारातच उभे राहिले. नानांनी विचारलं काय काम. अप्पांनी सांगितलं. नानींनी चहा ठेवला होता पण अप्पा प्यायले नाहीत.”

आम्ही कॉलेजच्या लेटरहेडवर समितीला पत्र दिलं. विद्यार्थिनीने केंद्रीभूत प्रवेशासाठी नोंदणी केली आहे, प्रमाणपत्र सादर करायची अंतिम तारीख अमुक आहे, तरी प्रकरण प्राधान्याने घ्यावं. सोबत नोंदणीची प्रत जोडली. असं पत्र हे वशिल्याचं पत्र नाही. समितीपुढे ढीगभर प्रकरणं असतात आणि कुणाची तारीख आधी आहे हे समितीला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ते सांगणं आमचं काम आहे. मुलीला अर्जात राखीव प्रवर्गात पावतीवर ठेवलं आणि हमीपत्र घेतलं.

हमीपत्राबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ‘विहित मुदतीत प्रमाणपत्र सादर न केल्यास माझा प्रवेश खुल्या प्रवर्गात गणला जाईल अथवा रद्द होईल, त्यास मी जबाबदार राहीन’ अशा अर्थाचा तो मजकूर असतो. मुलं न वाचता सही करतात आणि बहुतेक टेबलांवर ती तशीच करून घेतली जाते. मी ते मोठ्याने वाचून दाखवते, मग माझ्या शब्दांत सांगते, मग विचारते, “तारीख कोणती सांग.” तारीख त्यांच्या तोंडून आली की सही. यात तीन मिनिटं जातात. रांगेत कुरकुर होते, वरिष्ठांनीही एकदोनदा सुनावलं आहे. पण खुल्यात जाणं म्हणजे केवळ यादीतलं नाव हलणं नसतं. जागा जाते आणि जागा वाचली तरी फी बदलते. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर प्रवर्गावर मिळते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं, त्यालाही प्रवर्ग आणि आठ लाखांच्या आतलं उत्पन्न कागदावर दिसावं लागतं. ज्या घरात वर्षाची उचल हाच सगळा पैसा, तिथे एका कागदाच्या उशिराने हजारो रुपयांचा फरक पडतो. एवढं ज्यावर अवलंबून आहे ते न वाचता सही करून घेणं मला जमत नाही.

त्या मुलीची व्हॅलिडिटी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ऑनलाईन आली. तिला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. पुढे ती फी भरायला, परीक्षेच्या अर्जाला खिडकीवर यायची. एकदा मी विचारलं, “अप्पा आणि नाना बोलतात का आता?” ती म्हणाली, “नाही मॅडम.” थोडं थांबून म्हणाली, “पण नानांच्या पोराला व्हॅलिडिटी काढायची होती तेव्हा माझी प्रत अप्पांनी स्वतः नेऊन दिली. दारातूनच.”

बाकीचे कागद एवढे जड नसतात, पण त्यांचीही तऱ्हा असते. उत्पन्नाचा दाखला म्हणजेच नॉन-क्रिमीलेअर असा समज घट्ट आहे. एका बापाने तीन वर्षांचे तहसीलदारांचे दाखले आणून टेबलावर मांडले होते. त्याच तीन दाखल्यांवर नॉन-क्रिमीलेअर निघतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मधल्या वर्षाच्या खंडाचं शपथपत्र साध्या कागदावर चालतं, तरी लोक स्टॅम्प पेपरच्या रांगेत अर्धा दिवस घालवून येतात. आणि ऊसतोडीचं एक वेगळंच दुखणं आहे. राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून तर हवीच, शिवाय जन्म महाराष्ट्रातला किंवा अधिवास प्रमाणपत्र. एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ कर्नाटकातलं होतं. आईने गुरुजींना खरं ते सांगितलं होतं, पोर कारखान्यावरच्या कोपीत झाली होती. बाकीच्या आयांनी गावाचं नाव सांगितलं आणि त्यांच्या मुलींना कधी काही विचारलं गेलं नाही. तिचं अधिवास प्रमाणपत्र निघायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत मी तिच्या आईला तीनदा सांगितलं की तुम्ही बरोबर केलं होतं.

उशिराच्या कागदाचंच ओडिशातलं एक प्रकरण २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाची मुलगी, वैद्यकीय प्रवेशाला पात्र. तिला दिलेल्या दाखल्यातच चूक होती. दुरुस्त दाखला आणला तोवर उशीर झाला म्हणून जागा नाकारली. न्यायालयाने म्हटलं, पात्रता ठरलेल्या तारखेला असायलाच हवी, पण पात्रतेचा पुरावा सादर करण्याच्या बाबतीत परिस्थिती पाहून थोडी सवलत देता येते. आमच्या एका वकील पालकांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. दरवर्षी नव्या वहीत पुन्हा उतरवते. माझ्या हातात सवलत देण्याचा अधिकार नाही. पुस्तिकेतल्या तारखेपुढे मी एक दिवसही देऊ शकत नाही आणि देऊही नये, कारण मग वेळेत आलेल्यावर अन्याय होतो. पण समोरच्या मुलाकडे पात्रता नाही की फक्त पुरावा नाही, हे ओळखणं माझ्या हातात आहे. त्या दोन मुलांशी एकाच आवाजात बोलणं चूक आहे. पहिल्याला स्पष्ट ‘नाही’ सांगून दुसरी वाट दाखवायची, दुसऱ्याला तारीख द्यायची. नॉन-क्रिमीलेअरच्या त्या मुलाशी मी पात्रता नसलेल्याशी बोलावं तसं बोलले होते.

गेल्या काही वर्षांपासून आम्ही जूनची वाट बघत नाही. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात डोंगरपट्ट्यातल्या दोन-तीन कनिष्ठ महाविद्यालयांत जातो. आमचं हे काम नाही, असं कुणी म्हणू शकेल. म्हटलंही आहे. पण बारावीच्या मुलांचे बाप तेव्हा अजून गावात असतात. ओळखीचे एक नोटरी वकील गाडीत बसून सोबत येतात, मुलामागे पैसे घेत नाहीत, डिझेल आम्ही वर्गणीत घालतो. वर्गात बाकांवर बाप बसतात, मुलं शेजारी उभी राहतात. वंशावळ लिहायची म्हणून आजोबांचं, पणजोबांचं नाव विचारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी वयस्क माणूस दुरुस्ती करतो, “तसं नाही, तो थोरला होता.” वैधतेचा अर्ज मुलांकडून तिथल्या तिथे भरून घेतो, फोन नंबर बापाचा नाही, मागे राहणाऱ्या आजीचा किंवा मामाचा लिहितो. कारण फडात मोबाईलची बॅटरी कुठे चार्ज करणार?

मागच्या वर्षी शेवटच्या गावात आम्हाला उशीर झाला. रस्ता खराब होता. शाळेपाशी पोचलो तेव्हा मारुतीच्या पाराजवळ टोळीचा ट्रक उभा होता. भांडी, सरपणाची मोळी, कोपीच्या बांबूंची बंडलं, दोन शेळ्या, सगळं चढवून झालं होतं. मुकादम घाई करत होता. एक मुलगा पळत आमच्याकडे आला, म्हणाला, “मॅडम, आमचे अण्णा वर चढलेत.” वकील साहेबांनी बॉनेटवर रजिस्टर उघडलं. मुलाने वंशावळ आधीच सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. अण्णा ट्रकवरून उतरले, आधारकार्ड काढायला बायकोला हाक मारली. तिने वरूनच गाठोडं सोडलं. मी मजकूर वाचून दाखवायला लागले, तसा ड्रायव्हरने हॉर्न दिला.

अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं. म्हणाले, “वाचू द्या त्यांना पुरं.”